उगवण चाचणी

ओल्या कागदावर मुगाचे शंभर दाणे,
दहा ओळी, ओळीत दहा.
गुंडाळी करायची, रबर लावायचं, तारीख टाकायची,
आठव्या दिवशी उघडून मोजायचं.
एकतीस वर्षं हेच करते आहे
जालन्यात, बियाण्याच्या कंपनीत,
वारा फिरला की जिथं लोखंड वितळल्याचा वास येतो.

नव्या पोरी विचारतात, अबिगेल मॅडम, तुम्ही ख्रिश्चन ना?
मग पारशी?
केवळाबाई माझ्याआधी उत्तर देते:
"त्या शनवारच्या हायत."
चूक नाही. कोकणात आमच्या तेल्यांना
शनिवारी घाणा बंद म्हणून हेच नाव पडलं होतं.

बाबा मीटरगेजचे गार्ड, हनोख वाकरूळकर.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात,
जालन्यात आम्ही अडीच होतो:
ते, दवाखान्यातले कंपाउंडर सिमसनकाका,
आणि अर्धा माझा भाऊ.
मी मोजणीत नव्हतेच.

माणसं मोजू नयेत, म्हणायचे.
गाडीत चढवताना आम्हाला बोट लावत जायचे:
एक नाही, दोन नाही, तीन नाही, चार नाही,
आणि मग हिरवा झेंडा.
नाही नाही म्हणत
कुणीच मागं राहायचं नाही.

पोळ्याच्या मागोमाग आमचं नवं वर्ष.
त्याआधीचा महिनाभर ते रोज रात्री
ड्यूटीच्या वहीमागे लिहायचे. आत्म्याचा हिशेब.
मूळ शब्द हेशबोन.
बघ, म्हणायचे, शब्द आपल्या आधीच इथं पोचलाय.

आज खोटं: एक. कोणाशी: स्टेशनमास्तर.
आज राग: दोन. दुसरा गिळला. तो धरायचा का?
पुढचा रकाना कोरा.

पन्नाशीनंतर रक्तदाब, आणि ज्याचा त्याचा सल्ला.
दहा दिवस शिबिराला गेले, खुलताबादच्या बाजूला, डोंगराखाली.
मौन, खिचडी, श्वास.
शिकवणारा पोरगा नोकरी सोडून आलेला,
आवाज साय धरलेल्या दुधासारखा.
विचार म्हणजे तुम्ही नाही, म्हणाला.
नाव म्हणजे तुम्ही नाही.
हिशेब सोडा.
पाहणारा आणि पाहिलेलं, दोन नाही.

मी डोळे उघडले.
सगळे मिटलेले चेहरे, आणि दाराशी बाबा, झेंडा खाली.
मनात आलं, पोरा, दोनवर का थांबलास?
तीन नाही? चार नाही?
फलाटावर कोण राहिलं ते कुणी बघायचं?

तरी सहाव्या दिवशी रडले, ते त्याच्याच श्वासामुळे.
नाकपुडीपाशी थंड, वरच्या ओठावर गरम,
आणि मधल्या फटीतून
माझं वाक्य वर आलं, अठरा वर्षांपूर्वीचं, फोनवरचं.
भाऊ दिमोनाहून विचारत होता, बाबांची वही आहे का गं?
मी म्हटलं, हरवली.
वही तेव्हा माझ्या मांडीवर होती.
हे मला हिशेबात कधी सापडलं नव्हतं,
कारण हिशेब मी त्याच वहीत बघत होते.

आज शुक्रवार, मुगाचा आठवा दिवस.
चांगली रोपं शहाऐंशी, वेडीवाकडी पाच, मेलेले तीन.
सहा कुचर.
पोरींना सांगते, कुचर म्हणजे मेलेलं नव्हे.
पाणी आत घेत नाही, एवढंच.
त्याला फॉर्मवर वेगळा रकाना आहे, तिथं लिहा.

साडेपाच. घरी जाऊन दिवा लावायचा आहे.
पिशवीतून वही काढली, पहिल्या पानाचा फोटो घेतला.
फोनवर भावाचं नाव, खाली माझं बोट.
केवळाबाई दारात, हातात किल्ल्या:
"म्याडम, कुठं हायत? कवाची हाका मारायले."
मी तिच्यापासून चार हातांवर उभी.

इथंच, म्हटलं.
आणि बोट टेकवलं.

आता गुंडाळी उभी करून ठेवायची.
मध्ये उघडून बघायचं नसतं.